चाकूच्या पात्यावर चरे पडलेत? घासायला घ्यायच्या आधी हे वाचा

नवीन घडीचा चाकू घेतला की पहिला आठवडा आपण त्याला फुलासारखं जपतो, मग एक दिवस पार्सलचा खोका फोडतो आणि उजेडात धरून बघतो तर पात्यावर बारीक पांढऱ्या रेघा. जीव हळहळतो, खरंच हळहळतो, आणि खरी चूक त्यानंतर होते, म्हणजे ओट्यावरची हिरवी घासणी घेऊन आपण त्या रेघा काढायला बसतो. मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या स्विस आर्मी चाकूवर तीन रेघा होत्या, पाच मिनिटं गोल गोल घासल्यावर पातंभर धुरकट जाळं झालं आणि ते परत नीट करायला दोन रविवार गेले. त्या हिरव्या घासणीत खरखरीत कण चिकटवलेले असतात, भांड्यावरचं करपलेलं काढायला ते बरे, पण पॉलिश केलेल्या स्टीलवर ते सरळ चरे पाडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर घरातले, मित्रांचे, मामांचे असे बरेच चाकू हाताखालून गेलेत आणि माझं मत पक्कं झालंय की पात्यावरच्या बहुतेक चऱ्यांना हातच लावायचा नसतो, आणि ज्यांना लावायचा त्यांच्यासाठी आधी चरा कुठून आला आणि पात्याचं फिनिश, म्हणजे वरच्या पृष्ठभागाचा पोत, कुठलं आहे हे ओळखायचं. एका फिनिशचा उपाय दुसऱ्यावर केला की पातं कायमचं बिघडतं.

आधी एक भीती मनातून काढून टाका. चाकू कापतो तो धारेनं. धारेच्या वरचा जो सपाट भाग असतो त्यावर दहा चरे असले तरी टोमॅटो तसाच कापला जातो, सुतळी तशीच तुटते. फरक पडतो तो दोनच ठिकाणी. चरा धारेपर्यंत पोचून तिथे खाच पडली असेल तर, आणि ती धार लावतानाच निघते. दुसरं म्हणजे खोल चऱ्यात ओल थांबते आणि गंजाची सुरुवात तिथून होते, म्हणून मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी खोल चऱ्यांकडे जरा जास्त लक्ष द्यायचं. बाकी प्रश्न दिसण्याचा आहे, आणि दिसण्याला काही किंमत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, रोज खिशात बाळगायची वस्तू नीट दिसावी असं वाटणं साहजिक आहे.

चरा कुठून आला ते बघायचं

पहिलं काम, पातं कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडनं धुवून घ्यायचं, मऊ कापडानं पुसायचं. अर्धे "चरे" इथेच जातात कारण ते चरे नसतातच, सेलोटेपचा गोंद असतो नाहीतर वाळलेला लिंबाचा, कांद्याचा रस. मग खिडकीपाशी उभं राहून पातं हळूहळू तिरपं करत बघायचं, ट्यूबलाइटपेक्षा दिवसाच्या उजेडात रेघा जास्त नीट दिसतात, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून एक फोटो काढला तर दिशा स्पष्ट कळते. आता नख रेघेवरून आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर चरा वरवरचा आहे, अडकलं तर खोल आहे, आणि खोल चरा पूर्ण काढायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं पातं तेवढ्या खोलीपर्यंत झिजवायचं, ते करायचं का हा विचार आत्ताच करा. मी करत नाही.

दिशेवरून बरंच कळतं. रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतील, म्हणजे चाकू जिथे घडी होतो त्या खिळ्याला मध्य धरून कंपासनं काढल्यासारख्या, तर दोष कापण्याचा नाहीच, मुठीच्या आत वाळू किंवा खिशातली कचकच अडकलीय आणि चाकू उघडताना-मिटताना दर वेळी पातं तिच्यावर घासतंय. अशा वेळी पातं पॉलिश करून काही उपयोग नाही, आत साफ करेपर्यंत त्या रेघा परत येणार. स्विस आर्मीसारख्या बऱ्याच पात्यांच्या चाकूत कधी शेजारचं हत्यार किंचित वाकलेलं असतं, तेही असंच घासतं. लायनर लॉकच्या चाकूत, म्हणजे उघडलेलं पातं मुठीतली धातूची पट्टी अडकवून धरते तसल्या चाकूत, खिळ्याजवळ एकच कमानदार ओळ दिसते, ती पातं मिटलेलं धरून ठेवणाऱ्या छोट्या गोळीची वाट असते, तो दोष नाही, सोडून द्या.

धारेच्या जेमतेम वर, धारेच्या कडेकडेनं पट्ट्यासारख्या रेघा असतील तर त्या बहुधा धार लावताना पडल्यात. पातं दगडावर फार आडवं धरलं गेलं आणि धारेसोबत बाजूही घासली गेली. यावर उपाय साधा आहे, धार लावण्याआधी धारेच्या वरच्या भागावर मास्किंग टेपचा एक पट्टा चिकटवायचा, हात चुकला तरी टेप खरडेल, पातं नाही.

पाठीकडून धारेकडे आडव्यातिडव्या रेघा म्हणजे वापराच्या. खोके, दोऱ्या, मातीतली मुळं. आणि सगळीकडे गोल धुरकट जाळं दिसलं तर ती घासणी, राख, नाहीतर तसलंच काहीतरी.

कागद कापून स्टीलवर चरा कसा पडतो

हा प्रश्न मला कायम विचारतात. कागद पाडत नाही, कागदातली वाळू पाडते. वाळूतला गारगोटीचा कण चाकूच्या पोलादापेक्षा कठीण असतो, कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर तो ७, आणि स्विस आर्मी चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचं पातं पोलादाच्या कडकपणाच्या वेगळ्या मोजपट्टीवर साधारण ५६ रॉकवेल सी एवढं कडक असतं, म्हणजे रोज धार लावायला सोपं पण वाळूपुढे मऊच. रिसायकल केलेल्या पुठ्ठ्यात असे बारीक कण बरेच असतात, गोदामातल्या जमिनीवर घासत आलेल्या खोक्यावर तर असतातच. त्यामुळे महाग स्टील घेतलं तरी चरे थोडे कमी पडतील, पडायचे थांबणार नाहीत. आपल्याकडे पूर्वी विळी राखेनं नाहीतर विटेच्या भुकटीनं घासायचे, त्यातही हेच कण असायचे, म्हणून जुन्या विळ्यांचं पातं कधी आरशासारखं दिसत नाही, एक मंद पांढरट झाक असते. विळीला ते शोभतं. तुमच्या चकचकीत चाकूला नको असेल तर राख आणि वीट दोन्ही लांब ठेवा.

तुमच्या पात्याचं फिनिश कुठलं

सॅटिन सगळ्यात जास्त दिसतं. जवळून बघितलं तर एकाच दिशेनं जाणाऱ्या अतिशय बारीक समांतर रेघा, म्हणजे हे फिनिश मुळात शिस्तीत मारलेल्या चऱ्यांचंच असतं, आणि म्हणूनच त्यावरचा वरवरचा चरा घरी काढता येतो. मिरर पॉलिश म्हणजे चेहरा दिसेल असं, त्यावर सगळं दिसतं, बोटाचा ठसासुद्धा, पण गुळगुळीत असल्यामुळे पाणी टिकत नाही आणि गंज कमी धरतो. स्टोनवॉशमध्ये पाती सिरॅमिकच्या खड्यांबरोबर फिरत्या पिंपात घालून घुसळतात, सगळीकडे वेड्यावाकड्या बारीक खुणा होतात आणि त्यात तुमचा नवीन चरा लपून जातो. मला कोणी विचारलं की कामाला चाकू हवाय, चऱ्यांची काळजी नकोय, कुठला घेऊ, तर मी डोळे झाकून स्टोनवॉश सांगतो. बीड ब्लास्ट म्हणजे काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून केलेलं एकसारखं राखाडी मॅट फिनिश, फोटोत फार देखणं, पण त्या सूक्ष्म खड्ड्यांत ओल राहते आणि कोकणच्या हवेत गंजाचे ठिपके लवकर येतात. शिवाय त्यावरचा चरा चमकदार रेघ होऊन उठून दिसतो. आणि काळी, सोनेरी, राखाडी कोटिंगवाली पाती, त्यांचं वेगळंच, खाली सांगतो.

सॅटिनवरचे चरे काढायची पद्धत

हे निवांत करायचं काम आहे, दीड-दोन तास हाताशी ठेवा.

सामान फार नाही. गाड्यांच्या पेंटिंगवाले वापरतात तो काळा वॉटर पेपर, ६००, ८०० आणि १००० नंबरचा, जोडीला एखादा ४००चा (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक), हार्डवेअरच्या नाहीतर पेंटच्या दुकानात मिळतो. मास्किंग टेप, एक सपाट लाकडी पट्टी, एक कडक खोडरबर, शिलाई मशीनचं तेल नाहीतर डब्ल्यूडी-४०, जुना सुती कपडा. बफिंगचं मशीन नको. ते चाक पात्याची कड पकडून चाकू हातातून हिसकावतं, फार वाईट जखमा होतात, आणि वर पातं तापून टोकाला निळसर पडलं तर तिथला कडकपणाच गेला, मग तिथे धार टिकत नाही.

आधी धारेवर टेपचे दोन-तीन थर लावा. स्विस आर्मी चाकूला साधारणपणे पात्याचं लॉक नसतं, दाबताना मिटला तर सरळ बोटांवर येतो, म्हणून पातं पट्टीवर आडवं ठेवून मूठ बाहेर राहील असं टेपनं किंवा छोट्या क्लॅम्पनं पक्कं बांधा. हे टाळू नका.

आता मूळ रेघांची दिशा बघा. फॅक्टरीच्या बऱ्याच पात्यांवर त्या पाठीकडून धारेकडे जातात कारण पातं मशीनच्या फिरत्या खरखरीत पट्ट्यावर तसं घासलेलं असतं, हातानं केलेल्या महागड्या चाकूंवर मुठीकडून टोकाकडे लांब जातात. तुम्हालाही शेवटी त्याच दिशेनं जायचंय. खोडरबरला पेपर गुंडाळायचा, बोटाला नाही, कारण बोटानं दाब एकसारखा पडत नाही आणि पात्यावर लाटा दिसतात. थोडं तेल टाकायचं आणि सुरुवात १०००नं करायची. बरेच जण ४००नं सुरू करतात आणि वरवरच्या तीन चऱ्यांसाठी तीनशे नवीन चरे पाडून घेतात. १०००चे वीस-पंचवीस हात मारून बघा, चरा फिका होतोय का. होत नसेल तर ८००, तरी नाही तर ६००, आणि ४०० अगदीच नाइलाज असेल तेव्हा. खाली उतरलात की परत एकेक पायरी वर यायचं. दर वेळी नंबर बदलताना पातं, खोडरबर, पट्टी सगळं पुसून काढायचं कारण ६००चा एक जरी कण मागे राहिला तर तो ८००च्या कामात नवीन रेघ ओढतो आणि आपल्याला कळतच नाही की ही आली कुठून.

एक युक्ती सांगतो जी मला फार उशिरा कळली. मधल्या नंबरांना हात किंचित तिरपा ठेवायचा, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा आणि आत्ताच्या रेघा वेगवेगळ्या कोनात दिसतात, आणि आधीच्या पूर्ण गेल्या का नाही ते लगेच समजतं. सगळ्या एकाच दिशेत घासल्या तर काही कळत नाही, आणि शेवटी दोन खोल रेघा वर येतात.

शेवटचा फेरा मात्र मूळ दिशेनंच. नवीन पेपर, ताजं तेल, हलका हात, आणि एकाच बाजूला जायचं, मूळ रेघा तशा असतील तर पाठीकडून धारेकडे, उचलायचं, परत पाठीकडून. मागेपुढे नाही. हात मध्येच थांबला किंवा मागे वळला की रेघेच्या टोकाला गळासारखा वाकडा शेपूट उमटतो आणि तो उन्हात लगेच डोळ्यात भरतो. कुठल्या नंबरवर थांबायचं हे तुमच्या पात्याच्या मूळ रेघांवर आहे, साधारण ४०० ते ६००च्या रेघा असतील तर १०००पर्यंत जाऊन थांबलात तर ती जागा जास्त चकचकीत दिसेल, म्हणून शेवट ६००नं करायचा. शेजारच्या न घासलेल्या भागाशी जुळवून बघत राहायचं.

फक्त चऱ्याच्या जागेवर घासून चालत नाही, ठिगळ दिसतं. घ्यायची ती पूर्ण बाजू घ्यायची. आणि पात्यावर लेझरनं छापलेला लोगो किंवा अक्षरं असतील तर ती या कामात पुसली जातात, ठोकून उठवलेला शिक्का राहतो. लोगो जपायचा असेल तर चरा राहू द्या.

बाकीच्या फिनिशना काय करायचं

मिरर पॉलिशला वरची सगळी पद्धत लागू पडते पण १०००वर न थांबता २०००, मग आणखी बारीक, आणि शेवटी चामड्याच्या तुकड्यावर हिरवं किंवा लाल पॉलिश कंपाउंड नाहीतर ब्रासो. न्हाव्याकडे वस्तरा ओढायचा चामडी पट्टा असायचा ना, तसाच सपाट तुकडा लाकडावर चिकटवून घ्या. वरवरच्या रेघांना नुसतं मऊ कापड आणि ब्रासो पुरतं. पण खरं सांगायचं तर वापरातल्या चाकूवर आरसा टिकत नाही, दर महिन्याला हेच करत बसावं लागेल, त्यापेक्षा तो सॅटिनवर आणलेला बरा.

स्टोनवॉशवर काही करायचं नाही. वापरत राहा, सहा महिन्यांत आपोआप एकजीव होतो. बरणीत खडे, पाणी आणि साबण घालून सुटं केलेलं पातं हलवत बसण्याची घरगुती पद्धत आहे, दिसायला बरं होतं, पण धार पूर्ण जाते, परत लावावी लागते, आणि पात्याच्या मागच्या बाजूला जिथे लॉक टेकतो ती जागा झिजली तर लॉक ढिला पडतो. तिथे टेप न लावता हे करू नका, आणि रिवेट मारलेला चाकू सुटा करायचा प्रयत्नच करू नका.

बीड ब्लास्टला घरी उपाय नाही. पेपर लावला की तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. फारच सलत असेल तर पातं सुटं करून एमआयडीसीत ग्लास बीड ब्लास्टिंगचं जॉबवर्क करणाऱ्याकडे द्यायचं, धार झाकून.

कोटिंगवाल्या पात्यांवर मात्र एक चांगली बातमी असते. डीएलसी (हिऱ्यासारखा कठीण कार्बन) किंवा टायटॅनियम नायट्राइडचा थर काही मायक्रॉनचाच असतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण तो पोलादापेक्षा पुष्कळ कठीण. स्टेपलरची पिन किंवा ॲल्युमिनियम घासलं की वर जी चंदेरी रेघ दिसते ती बऱ्याचदा चरा नसून त्या मऊ धातूचा माग असतो, पेन्सिलनं कागदावर रेघ उठते तसा. साधा खोडरबर आणि थेंबभर तेल लावून बघा, पुष्कळदा निघून जातो. निघाला नाही तर थर खरंच गेलाय, मग पेपर लावून फक्त नुकसान वाढेल. रंगासारखं जाड कोटिंग असेल तर ते कडांवरून आणि मुठीत घासणाऱ्या जागांवरून उडतंच.

कार्बन स्टील असेल तर थांबा

मामांची देवगडकडे कलमं आहेत, पावसाच्या सुरुवातीला कोय कलमं बांधायचं काम चालतं, त्यांच्याकडे कलमाचा एक जुना कार्बन स्टीलचा, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या, गंज धरणाऱ्या पोलादाचा चाकू आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं किती खराब झालाय, काळा-निळा पडलाय, चला चकचकीत करून देऊ. त्यांनी हातातून काढून घेतला. आंब्याच्या चिकानं आणि कैरीच्या आंबटानं पात्यावर जो काळसर थर बसतो तो लाल गंजाला थोडाफार अडवतो, आणि त्या रंगात बारीक चरे दिसतसुद्धा नाहीत. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचे कार्बनवाले घडीचे चाकू फ्रान्समध्ये लोक असेच वापरतात, नवीन असताना चांदीसारखे आणि दोन महिन्यांत फळं-चीज कापून राखाडी. म्हणून कार्बनच्या पात्यावर लाल ठिपका दिसला तर तेवढाच तेल आणि अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्यवाल्या स्टील वूलनं हलकेच काढायचा, काळा थर ठेवायचा. फणस कापायचा असेल तर आधी पात्याला खोबरेल तेल फासा, हे घरच्या बायका सांगतातच, नाहीतर चीक वाळल्यावर तो खरवडताना जेवढे चरे पडतात तेवढे वर्षभराच्या वापरात पडत नाहीत. आधीच वाळला असेल तर त्यावर खोबरेल चोळून तासभर ठेवा, मऊ पडतो, मग कापडानं पुसून काढा.

नवीन चरे कमी पडावेत म्हणून

मुठीच्या आतली घाण हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि तेच कोणी बघत नाही. महिन्यातून एकदा सगळी हत्यारं उघडायची, कोमट साबणाच्या पाण्यात चाकू बुडवून पाण्यातच उघडझाप करायची, जुन्या टूथब्रशनं सांदी घासायच्या, टूथपिकनं कोपऱ्यातली कचकच काढायची, लाकडी मूठ असेल तर बुडवायचं नाही, ओल्या ब्रशनं भागवायचं. मग पाणी झटकून हेअर ड्रायरनं किंवा पंख्याखाली अगदी कोरडा होईपर्यंत ठेवायचा. खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब. फळं कापायचा चाकू असेल तर मशीनचं तेल नको, मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या. खोबरेल सांध्यात घालू नका, थंडीत थिजतं आणि कालांतरानं चिकट होऊन धूळ धरतं. पेपरनं घासून झाल्यावरही हेच, आधी साबणानं मशीनचं तेल आणि काळा गाळ पूर्ण धुवायचा, मग पॅराफिनचा हात.

पार्सल फोडायला पात्याचं फक्त टोक वापरा, सगळं पातं पुठ्ठ्यातून ओढू नका. मातीची मुळं कापायच्या आधी झटका. पुसताना शर्टाच्या कडेला पुसायची सवय सोडा, त्यातली धूळच रेघा ओढते, आधी पाणी मग कापड.

पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये चाकू ठेवून विसरू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि ऑगस्टमध्ये उघडाल तेव्हा पात्यावर कव्हरच्या आकाराचे गंजाचे डाग असतील. पॅराफिनचा पातळ हात देऊन सुती कपड्यात गुंडाळायचा, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायच्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायचा.